पाच गावांत एकच पाठ

नरहर,

अचलपूरच्या आपल्या शाळेच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. तू गेल्याला अजून आठवडाही झाला नाही. अशा दिवसांत माणसानं तोंड पाडून बसावं, कुणी भेटायला आलं तर दोन शब्द बोलावे आणि उपरण्यानं डोळे टिपावे, अशी रीत आहे. ती मला कालपर्यंत बऱ्यापैकी जमत होती. आज सकाळपासून मात्र मी या ओसरीवर येरझारा घालतो आहे, मधेच आपल्याशीच हसतो आहे, आणि इथल्या पंतोजींना, रामभटांना, वाटतं आहे की शास्त्रीबुवांच्या डोक्यावर परिणाम झाला. परिणाम वगैरे काही झालेला नाही. मला आनंद झाला आहे, आणि ज्याला धावत जाऊन सांगायचं तोच नेमका जागेवर नाही. म्हणून कागद ओढला.

"आधी काय झालं ते सांग, मंग कसं झालं ते सांग," असं तू मला जन्मभर टोकत आलास, आणि मी जन्मभर पहिल्यापासूनच सांगत आलो. आज तर तुला मधे बोलता येत नाही. तेव्हा पहिल्यापासूनच ऐक.

तो कापसाचा तळ आठवतो का तुला? सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या बाजारात बंड्यांची रांग लागायची ती पार गावाबाहेरच्या बाभळींपर्यंत. माप होईपर्यंत माणसं दिवसच्या दिवस तिथे पडून राहत. बायका बंडीखाली चूल मांडून भाकरी थापत, बैल सरकी चघळत, पोरं उंडारत. मी अकोल्याहून तुला भेटायला आलो होतो आणि तू मला पाणीसुद्धा पिऊ न देता तिकडे ओढत नेलंस. आपण दोघंही तेव्हा तरणेबांड. कारंज्याला गुरुजींच्या घरी एका पंगतीत जेवलेलो आणि एकाच छडीचा मार खाल्लेलो. तू अमरावतीला शाळा मांडलीस, मी अकोल्याला मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात. दोघांच्या शाळांतली मिळून सगळी पोरं एका बंडीत मावली असती.

त्या तळावर चांदूर बाजाराकडचे गणोजी पाटील भेटले. बैलांच्या शिंगांना नव्याकोऱ्या पितळी शेंब्या, स्वतःच्या डोक्याला नवं पागोटं. तू कुणालाही पहिल्या भेटीत जे विचारायचास तेच त्यांनाही विचारलंस, पोरांना शाळेत का घालत नाही म्हणून.

"घालतो की," पाटील म्हणाले. "आता खायले हाय घरात. पोट्ट्यानं चार शहाण्या गोष्टी शिकल्या तर मले काय नको हाय? पन कापसाच्या दिवसात पोट्टं मले बंडीवर लागते. आज चांदूर, मंग अमरावती, मंग अकोला. तुमची शाळा काही माह्या बंडीमागं येऊन नाई राह्यली."

  घराकडे वळताना भर रस्त्यात थांबलास, मागून येणाऱ्या बंडीवाल्यानं शिवी हासडली ती तुला ऐकूही आली नाही.

"केशा," तू म्हणालास, "शाळा नाई जाऊ शकत बंडीमागं. पाठ जाऊ शकते."

आणि तिथेच, धुळीत उभं राहून, तू मला सगळं सांगितलंस. जितक्या गावी शाळा निघतील तितक्या गावी एका दिवशी एकच पाठ. आज चांदूरला जो श्लोक झाला तोच आज अमरावतीला, तोच अकोल्याला. उद्या पोरगं बंडीवरून कुठल्याही गावी उतरो, त्याला त्याच्या पुढचाच श्लोक मिळाला पाहिजे. ओळख नको, चिठ्ठी नको. आला, बसला, म्हणायला लागला. दक्षिणा म्हणजे महिन्याला पायलीभर ज्वारी, तीही जिथे त्याचं घर असेल तिथेच. कारंज्याला गुरुजींनी आपल्याला जे दिलं ते सगळं द्यायचं, काव्य, कोश, व्याकरण, काही हातचं राखायचं नाही. "राजाच्या पोराले जे शिकवतेत ते गनोजीच्या पोराले," असे तुझे शब्द होते.

मी म्हणालो, "नरहर, पाच पंतोजी एका वेळी जांभईसुद्धा देत नाहीत. पाठ कुठले देतात?"

"तुले जांभईच येते," तू म्हणालास. "चाल आता, भूक लागली."

पुढे जे घडलं ते तुला ठाऊक आहे, पण त्यातल्या एका दिवसाबद्दल मी तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. चांदूरला पाटलांच्या ओसरीवर शाळा निघून वर्ष होत आलं असेल. मी अकोल्यात पाठ घेत होतो. दारात एक पोर उभं राहिलं, अंगभर कापसाचे तंतू चिकटलेले, केसांत, भुवयांत सुद्धा. पाटलांचाच धाकटा. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो आला, पोरांच्या ओळीत शेवटी बसला. मी श्लोकाचा पहिला चरण म्हटला. त्यानं आदल्या दिवशीचा श्लोक मनातल्या मनात पुटपुटून घेतला आणि मग सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळला. एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. नरहर, माझ्या अंगावर काटा आला. पाठ संपल्यावर मी बाहेर जाऊन नदीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण पोरांसमोर पंतोजीनं नाचायचं नसतं. तुला मात्र मी निरोप धाडला की व्यवस्था ठीक चालली आहे, उच्चार जरा सुधारायला हवेत. तेवढंच. आता सांगतो, मी त्या दिवशी जेवलो नाही, इतका हरखलो होतो.

मग अचलपूरला रामभट तयार झाले आणि आगगाडी आली तशी मूर्तिजापूरलाही शाळा निघाली. पाच गावं झाली. अमरावतीचे भटजी तुझ्यावर उखडले, कुणब्यांच्या पोरांना देववाणी शिकवतो म्हणून तुझ्या घरी श्राद्धाला जेवायला येईनात. "वेद शिकवत नाई, काव्य शिकवतो," असं तू त्यांना शांतपणे सांगायचास, आणि ते गेले की मला म्हणायचास, "वेदाचं पुढच्या साली पाहू." तू हे थट्टेनं म्हणायचास की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही. श्राद्धाला मी अकोल्याहून यायचो आणि दोघा भटजींचं एकटा जेवायचो. वहिनींच्या हातचे वडे होते, त्यामुळे यात माझा काही त्याग नव्हता.

कापूस चढत गेला तसे लोक तुला म्हणू लागले, दक्षिणा वाढवा. तू पायलीची दीड पायली केली नाहीस. पुढे लढाई संपली, भाव धाडकन खाली आला, पितळी शेंब्या मोडीत गेल्या, तरी पायलीभर ज्वारी द्यायला कुणाला जड गेलं नाही. तेजीत निघालेल्या कितीतरी गोष्टी त्या साली मिटल्या. आपल्या शाळा मिटल्या नाहीत. हे तुझं शहाणपण मी तुझ्या तोंडावर कबूल केलं होतं, एवढं तरी माझ्या खात्यावर असू दे.

पंचांगाचं मात्र मी कबूल केलेलं नाही आणि आजही करणार नाही. लोकांना हा प्रकार ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात लिहून ठेवतो. आपल्या शाळांत सुट्ट्या तिथीच्या. प्रतिपदेला पाठ नाही, अष्टमीला नाही, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्येला नाही. आता माझ्या घरचं पंचांग वेगळं आणि तुझं वेगळं. एका पंधरवड्यात माझ्या पंचांगात अष्टमीचा क्षय आला. आज सूर्योदयाला सप्तमी, उद्या सूर्योदयाला थेट नवमी. अष्टमीच नाही तर सुट्टी कसली? मी पाठ घेतला. तुझ्या पंचांगात अष्टमी होती, म्हणून तुम्ही चारही गावं घरी बसलात. झालं, अकोला एक पाठ पुढे गेलं ते गेलंच. अमरावतीहून येणाऱ्या पोराला मधला एक श्लोक गायब, आणि अकोल्याहून जाणाऱ्याला एकच श्लोक दोनदा. गणोजी पाटील माझ्या दारात येऊन विचारायला लागले, "बुवा, तुमच्या अकोल्यात दिवस लवकर उगवते का?"

तू पंचांग बगलेत मारून आलास. आपण दोघं माझ्या माजघरात बसलो, पाटीवर आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. जेवणं झाली, झोपा झाल्या, पुन्हा बसलो. माझी बायको आत-बाहेर करताना म्हणाली, "तुमी दोघं मिळून चंद्राले वेडं करान." कुणी हार मानेना. शेवटी तू पाटी बाजूला सारलीस.

"केशा, तुह्यं पंचांग बरोबर असंन. मी कुठं नाई म्हनतो? पन त्या पोट्ट्याचा एक श्लोक गेला, तो कोनाच्या पंचांगात हाय ते सांग."

 दुसऱ्या दिवशी शाळेला जास्तीची सुट्टी देऊन तुमच्या बरोबरीला आलो, आणि तेव्हापासून शाळेत तुझं पंचांग आणि घरच्या उपासांना माझं, असं चालवलं. गणित माझंच बरोबर होतं. पुन्हा सांगतो.

आणि आपलं ते दुसरं भांडण, जे खरं भांडण होतं. एक ग्रंथ संपला की पुढचा कोणता लावायचा हे तूच ठरवायचास. पाचही गावांना बंडीवाल्यांच्या तोंडी निरोप जायचा, "शास्तरीबुवानं सांगितलं, आता अमकं लावा." आणि दर वेळी तू काव्यच लावायचास. मी ओरडायचो, अरे व्याकरण लाव. पाया नको का? धातू ठाऊक नाही, विभक्ती ठाऊक नाही, नुसते श्लोक घोकवतोस, पोपट करून ठेवशील सगळ्यांना.

"पोपट तर पोपट," तू म्हणायचास. "घरात बोलून तर राह्यला."

मग तू तुझी ती ठरलेली गोष्ट काढायचास. मूर्तिजापूरच्या वाटेवर तुला एक बंडी भेटली होती, वर कापसाच्या ढिगावर पालथं पडून एक पोर श्लोक म्हणत होतं, बैलांच्या घुंगरांच्या ठेक्यावर, अगदी तालात. तू बापाला विचारलंस, कळतं का काही? तो म्हणाला, "अर्थ नाई समजत बुवा, पन तो हे म्हनून राह्यला का बैल चांगले चालतेत." ही गोष्ट सांगताना दर वेळी तू हसत हसत रडायचास. मी दर वेळी म्हणायचो की ही गोष्ट म्हणजे युक्तिवाद नव्हे. आता ती तुझ्या तोंडून ऐकायला मिळणार नाही, नरहर. हे लिहिताना एकदम लक्षात आलं आणि मी लेखणी ठेवून जरा बाहेर जाऊन आलो. मला तुझी फार आठवण येते आहे.

मार्गशीर्षात शेवटचा भेटलो तेव्हा तू खाटेवर होतास, पाठ तुझा दुय्यम पंतोजी घेत होता. ताप होता, पण डोळ्यांत तेच. मी बसतो न बसतो तोच म्हणालास, "हे काव्य पौषात पौर्णिमेच्या आत संपते. पुढचं कोनतं लावाचं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू मला विचारलंस. मी अर्थातच म्हणालो, व्याकरण. तू उठून बसलास, खोकलास, आणि भांडायला लागलास. मीही लागलो. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भावजी, आजारी मानसाशी कोनी असं भांडते का?" तर तूच त्यांना हात करून गप्प केलंस. मग मधेच, काही संबंध नसताना, म्हणालास, "माह्यामागं हे पाच गावं एका पाठावर ठेवन असा कोन हाय रे?"

"तूच आहेस," मी म्हणालो. "अजून वीस वर्षं."

"ते सोड. तू ठेवशीन का?"

मी म्हणालो, मला माझी एक शाळा पुरे आहे, आणि माझी गाडी चुकेल. पुढच्या वेळी ठरवू म्हणालो. ग्रंथाचंही आणि याचंही.

तू पौष शुद्ध द्वितीयेला पहाटे गेलास. संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडीनं आलेला एका अडतीवरचा मुनीम मोर्णा ओलांडून माझ्या घरी आला आणि दारातच पागोटं काढून उभा राहिला. त्यानं काही सांगायच्या आधीच मला कळलं. सकाळी पोरं जमली तेव्हा मी सांगितलं, आजपासून तीन दिवस पाठ नाही. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. गुरू गेला की तीन दिवस अनध्याय, हे आपण कारंज्याला शिकलो आणि आपल्याकडून पाचही गावचे पंतोजी शिकले.

पोरं गेली आणि रिकाम्या शाळेत मला घाम फुटला. तू गेल्याची खबर अमरावतीला त्याच सकाळी, मला संध्याकाळी, मूर्तिजापूरला कधी, चांदूरला बंडी पोचेल तेव्हा, आणि अचलपूरला त्याहून उशिरा. प्रत्येक जण आपापल्या दिवशी थांबणार, आपापल्या दिवशी उठणार. पाच गावं पाच ठिकाणी. भर कापसाचा हंगाम, निम्मी पोरं रस्त्यावर. आधीच भाव पडल्यापासून लोक म्हणायला लागले होते की पोराला शिकवून काय करायचं. त्यात चार ठिकाणी चार श्लोक मिळाले तर पोरं एकेक करून घरी बसतील, आणि शाळा उरली तरी पाच शाळा उरतील, तुझी ती एक शाळा राहणार नाही. एका अष्टमीनं केवढा गोंधळ घातला होता. आता तर तूच गेलास, आणि तुझ्या सुतकानंच तुझा पाठ मोडणार.

त्याच दिवशी गाडीनं अमरावती गाठली. वहिनींसमोर जाऊन बसलो. त्यांनीच विचारलं, "भावजी, शाळांचं काय?" मी म्हणालो, तेच पाहायचं आहे. तर म्हणाल्या, "मंग इथं काहून बसले? रडाले इथं मानसं पुष्कळ हायेत. तुमी जा."

बंडी करून चांदूर बाजार गाठलं. पाटलांच्या ओसरीवर शुकशुकाट. सखाराम, जो एके काळी तुझा विद्यार्थी आणि आता तिथला पंतोजी, तो भिंतीला टेकून बसला होता. डोळे सुजलेले. मी चिडलो. म्हणालो, "उद्या अकोल्याला पाठ सुरू होईल, आणि तू इथे बसलास?"

तो म्हणाला, "बुवा, मले काल कळलं. तीन दिवसाचं तुमीच शिकवलं ना?"

 त्याच्याजवळ बसलो. त्यानं मला तुझी एक नक्कल करून दाखवली, छडी उगारून मग विसरून तीच छडी पाठ खाजवायला वापरायचास ती. दोघंही हसलो आणि मग दोघंही रडलो. रस्त्याला लागलो तेव्हा माझी खात्री होती की सगळं मोडलं आहे, आणि अचलपूरला जाऊन ते फक्त डोळ्यांनी पाहायचं बाकी आहे. तरी गेलो. बंडीत बसल्या बसल्या हिशेब करत होतो की माझा अकोल्याचा दुय्यम पंतोजी आज कुठल्या श्लोकावर असेल, उद्या कुठल्या.

काल रात्री पोचलो आणि झोपून गेलो. आज सप्तमी. सकाळी नदीवरून आंघोळ करून येत होतो तर शाळेतून आवाज आला. रामभटांचा अनध्याय काल संपला होता, आज पाठ सुरू झाला होता. मी कुंपणाशीच थांबलो. श्लोक ओळखीचा होता. पहिला चरण ऐकला, दुसरा ऐकला. नरहर, तो अकोल्याचा आजचाच श्लोक होता.

मला आधी वाटलं माझी चूक होते आहे. ओलं धोतर खांद्यावर, तसाच धुळीत बसलो आणि बोटानं रेघा ओढल्या. आणि मग दिसलं. कुणी आधी थांबलं, कुणी मागून थांबलं, पण थांबले सगळे तीनच दिवस. मधे कुठली सुट्टी आडवी आली नाही, अष्टमी उद्या. अमरावतीचे सुरुवातीचे तीन पाठ गेले, अचलपूरचे नंतरचे तीन गेले, आणि आज सकाळी शेवटचा माणूस उठला तेव्हा पाचही गावं पुन्हा एका श्लोकावर. कुणी कुणाला निरोप दिला नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. प्रत्येकानं तुझ्यासाठी जेवढं रडायचं तेवढं रडून घेतलं आणि उठून बरोबर जागा धरली. इतकं सोपं गणित, आणि मी, पंचांगावरून तुझ्याशी दिवसरात्र भांडणारा, अकोल्यापासून इथपर्यंत ते न दिसता छाती पिटत आलो. तू असतास तर या गोष्टीवर मला मरेपर्यंत छळलं असतंस. मी कुंपणाशी बसून इतका हसलो की आतली पोरं पाठ सोडून बाहेर बघायला आली.

पाठ संपल्यावर रामभट ओसरीवर आले. पाणी दिलं, बसले, आणि घुटमळत म्हणाले, "शास्त्रीबुवा, पौर्णिमेच्या आत हे काव्य संपते. वद्य द्वितीयेले नवं लावा लागंन. आता निरोप कोन धाडन?"

मी म्हणालो, "व्याकरण लावू."

आणि थांबलो. इतक्या वर्षांची सवय, हे म्हटलं की पुढची घटका तुझी. कुणी काही बोललं नाही. रामभटांनी "बरं" म्हटलं. साधं, आज्ञाधारक "बरं". माझ्या मताला आयुष्यात पहिल्यांदाच मान मिळाला, आणि मला तो मुळीच सोसेना. मी म्हणालो, "अहो, बरं काय? काव्याचं काय? पोरांच्या जिभेला आत्ता कुठे गोडी लागली आहे, आणि तुम्ही त्यांच्या पुढ्यात धातू वाढता?" रामभट गोंधळले, म्हणाले, तुम्हीच तर म्हणालात. मी म्हणालो, मी म्हणालो ते चूक नाही, पाया हवाच. पण भर हंगामात, कापसाच्या ढिगावर पालथं पडून कोणतं पोर धातू घोकणार आहे? मग मला माझ्या बाजूची कणव आली आणि तिच्याकडून बोललो. मग पुन्हा तुझ्याकडून. तुझी ती बंडीवाल्याची गोष्टही सांगितली, बैल चांगले चालतेत, इथपर्यंत अगदी तुझ्या आवाजात, आणि सांगताना हसलोही आणि रडलोही, आणि रामभटही रडले. मग मी म्हणालो, ही गोष्ट म्हणजे युक्तिवाद नव्हे. आणि तरीही हरलो. तू समोर असताना मी इतका साफ कधी हरलो नव्हतो.

तेव्हा ठरलं ते असं. वद्य द्वितीयेपासून काव्य. त्यानंतर, जेठापासून, हंगाम उलगडल्यावर, व्याकरण. हे दुसरं तुला आवडणार नाही. मला आवडतं.

दुपारी कापसाच्या बंड्या अमरावतीकडे निघाल्या. पहिल्या बंडीवाल्याला मी थांबवलं, चांदूरला आणि अमरावतीला काय सांगायचं ते त्याच्याकडून म्हणवून घेतलं. मूर्तिजापूर आणि अकोल्याचा निरोप अमरावतीहून गाडीनं जाईल. त्यानं सगळं बरोबर म्हणून दाखवलं, कासरा हातात घेतला, आणि मग वळून विचारलं.

"अन् कोनाचा निरोप म्हनून सांगू? शास्तरीबुवा तर गेले."

बैल पुढे ओढत होते. त्याला घाई होती.

"केशवशास्त्र्याचा म्हण," मी सांगितलं. "अकोल्याच्या."

त्यानं मान हलवली आणि बंडी हाकली.